दोन बुलेटांचं एक इंजिन

घरी इंजिन करतोय असं कुणी सांगितलं की ऐकणारा आधी विचारतो, किती हॉर्सपॉवर? प्रश्न साहजिक आहे, पण घरच्या वर्कशॉपच्या हिशेबात तो फार उशिरा येतो. पॉवर ठरते हेडमध्ये, कॅमच्या आकारात आणि पिस्टनवर, आणि हे तिन्ही भाग बाजारात तयार मिळतात. वर्षानुवर्षं रस्त्यावर चालून तावूनसुलाखून निघालेले मिळतात. घरी खरोखर घडवायचं असतं ते या सगळ्यांना धरून ठेवणारं क्रँकेस आणि त्यात फिरणारा क्रँक. बाहेरून बघणाऱ्याला क्रँकेस म्हणजे तेलकट अ‍ॅल्युमिनियमचा डबा. पण इंजिन जमतं किंवा फसतं ते तिथेच. कुठला धातू कुठल्या धातूपासून किती अंतरावर राहील, गार असताना आणि शंभर अंशांवर तापल्यावरही, हे तो डबा ठरवतो.

अशा कामासाठी जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५०इतकं सोयीचं इंजिन आपल्याकडे दुसरं नाही. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. दोन सिलिंडर एका क्रँकवर व्ही आकारात बसवले की ६९२ सीसी. ब्लॉक वेगळा, हेड वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, मागून बोल्टने जोडलेला. त्यामुळे वरचा सगळा भाग जसाच्या तसा घेता येतो आणि फक्त पोट नवं करावं लागतं. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत करोल बागेत सुटे भाग मिळतात. गिअरबॉक्स पोटातच असलेलं नंतरचं यूसीई इंजिन मात्र या कामाला घेऊ नये. तिथे एक बदलायला गेलं की दहा बदलावे लागतात.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या स्टीव्हनेजला व्हिन्सेंट एचआरडी कंपनीत फिल आयर्विंग यांनी ५०० सीसी सिंगल इंजिनाची दोन ट्रेसिंग एकमेकांवर ठेवून फिरवून पाहिली आणि त्यातून १९३६ची रॅपिड निघाली, असं सांगतात. तिच्या दोन सिलिंडरांमधला कोन साडेसत्तेचाळीस अंश होता. आपल्या काळात अमेरिकेतल्या ओहायोत राहणाऱ्या अनिकेत वर्धन यांनी क्रँकेसचे पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, स्वतः करून दोन बुलेटांच्या वरच्या भागांचं ‘मस्केट’ हे व्ही-ट्विन उभं केलं. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी तर १९२० सालच्या इंडियन स्काउटसाठी पिस्टनही घरीच ओतले आणि १९६७मध्ये बॉनविलच्या मिठागरावर ताशी १८३ मैलांच्या वर विक्रम केला. फुटलेल्या पिस्टनांनी त्यांचं एक अख्खं फडताळ भरलं होतं, हेही त्याच्या जोडीला लक्षात ठेवावं.

आधी कोन ठरवायचा. ९० अंशाला दोन पिस्टनांचे पहिल्या क्रमाचे, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारे झटके क्रँकवरच्या वजनाने पूर्ण मारता येतात. पण ९० अंशांचं इंजिन बाइकच्या सांगाड्यात मावत नाही, पुढचा सिलिंडर चाकाकडे झुकतो. कोन कमी केला की झटका उरतो. वर-खाली होणाऱ्या एकूण वजनाच्या निम्मं वजन क्रँकवर समतोलासाठी धरलं, तर ६० अंशाला एका पिस्टनच्या निम्म्या वजनाचा झटका शिल्लक राहतो आणि ४५ अंशाला साधारण ०.७१ पट. एकट्या सिंगल इंजिनाला निम्मं वजन लावलं तर त्यातही निम्माच उरतो. म्हणजे ६० अंशांची व्ही ६९२ सीसीला तेवढीच थरथरते जेवढी बुलेट ३४६ सीसीला. बुलेट चालवणाऱ्याला याहून जास्त काही नको असतं. क्राइस्टचर्चच्या जॉन ब्रिटन यांनीही आपल्या ९९९ सीसी व्ही१०००साठी ६० अंशच घेतले होते, अर्थात त्यांचा खेळ पूर्ण वेगळा, रेसिंगचा.

कोन ठरल्यावर लगेच लेथकडे धावू नये. मोठा कागद घ्यावा आणि क्रँकच्या दर तीस अंशांना दोन्ही पिस्टन कुठे असतील ते पूर्ण मापात काढावं. अरुंद व्हीमध्ये पिस्टन खाली येतात तेव्हा त्यांचे स्कर्ट, म्हणजे खालचे घेर, आणि सिलिंडरची क्रँकेसमध्ये उतरणारी टोकं एकमेकांच्या जागेत घुसतात. कुठे किती कापायचं हे कागदावर दिसतं. इंजिन बांधल्यावर ते दिसत नाही, ऐकू येतं.

दोन कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एका पिनवर बसवायचे दोन मार्ग. एकात एक रॉड चिमट्यासारखा दुभंगलेला असतो आणि दुसरा त्याच्या मधे बसतो. मग दोन्ही सिलिंडर एका रेषेत येतात, पण दुभंगलेला रॉड घरी करणं म्हणजे नसता उपद्व्याप. दुसरा मार्ग दोन साधे रॉड शेजारीशेजारी लावायचा. त्यात एक सिलिंडर रॉडच्या बिग एन्डच्या, म्हणजे मोठ्या टोकाच्या, रुंदीइतका बाजूला सरकतो, मागच्या सिलिंडरला थोडा वारा जास्त मिळतो आणि बाजारातले रॉड चालतात. घरच्या कामाला हाच बरा.

हेडची दिशा हा दुसरा पेच. बुलेटमध्ये एक्झॉस्ट पुढे, कार्बोरेटर मागे आणि पुशरॉड उजव्या अंगाला. मागचा सिलिंडर अर्धा फिरवून त्याचा एक्झॉस्ट मागे न्यावा असं वाटतं, पण मग त्याचे पुशरॉड डावीकडे जातात, जिथे टायमिंगचे गिअर नाहीतच. म्हणून दोन्ही सिलिंडर एकाच तोंडाने ठेवायचे. पुढच्याचा कार्बोरेटर आणि मागच्याचा एक्झॉस्ट दोघेही व्हीच्या बेचक्यात येतात, ते गोड मानून घ्यायचं, एक्झॉस्टची नळी लगेच बाहेर वळवायची आणि कार्बोरेटरच्या बुडाशी उष्णता अडवायला सात-आठ मिमीचा बेकेलाइटचा तुकडा घालायचा. कार्बोरेटर दोनच हवेत. इथे स्फोट एकदा ३०० अंशांनी आणि एकदा ४२० अंशांनी होतो. ओढ अशी विषम असल्याने एकाच कार्बोरेटरवर एक सिलिंडर कायम उपाशी राहतो.

आता क्रँकेस. पॅटर्न घरी करावा आणि ओतकाम फाउंड्रीत न्यावं, हे माझं ठाम मत आहे. पॅटर्नला लागतं लाकूड, चिकाटी आणि साधं गणित. अ‍ॅल्युमिनियम थिजताना साधारण १.३ टक्के आकसतं, म्हणजे ३०० मिमीच्या मापाला पॅटर्न ३०४ मिमी. जिथे नंतर मशिनिंग आहे तिथे ३ मिमी जादा. उभ्या बाजूंना दीड-दोन अंश उतार, नाहीतर पॅटर्न वर काढताना वाळूची भिंत घेऊनच येतो. आतल्या कोपऱ्यांना किमान ४ मिमीची गोलाई. भिंती ६ मिमीच्या, बेअरिंगभोवतीचा गोळा याच्या दुपटीहून जाड. खरी गोम या गोळ्यातच आहे. पातळ भिंत आधी थिजते, जाड गोळा शेवटी, आणि थिजताना आकसायला त्याला धातू मिळाला नाही तर आत पोकळ्या राहतात. नेमक्या तिथे, जिथे बेअरिंग बसणार. म्हणून प्रत्येक गोळ्यावर रायझर, म्हणजे जादा वितळलेला धातू पुरवणारा उभा खांब, हवा किंवा साच्यात गोळ्यालगत उष्णता ओढून घेणारा लोखंडी तुकडा, म्हणजे चिल, हवी, म्हणजे तो आधी थिजतो. ओतलेलं क्रँकेस बाहेरून कितीही देखणं आलं तरी बेअरिंगच्या जागी पहिला कट मारेपर्यंत त्याचं कौतुक करू नये.

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात ओतकाम जाणणारी माणसं पिढ्यानपिढ्या आहेत. पॅटर्न त्यांना दाखवला की रायझर कुठे हवा ते बोट ठेवून सांगतात. धातू एलएम२५, म्हणजे सिलिकॉन मिसळलेलं ओतकामाचं अ‍ॅल्युमिनियम, मागावा. जुन्या चाकांचं आणि हेडचं भंगार वितळवून चालतं, पण शीतपेयाचे डबे आणि खिडक्यांच्या पट्ट्या वितळवू नयेत, त्या धातूला साच्यात वाहता येत नाही आणि निम्मा मळीत जातो. घरी ओतायचंच असेल तर दोन गोष्टींत तडजोड नाही. मूस, चिमटे, साचा, ज्यात उरलेला धातू ओतणार ते भांडं, सगळं तापवून कोरडं केलेलं असावं, कारण ७०० अंशांच्या धातूखाली अडकलेलं थेंबभर पाणी वाफ होऊन सगळं अंगावर उडवतं. आणि सिमेंटच्या फरशीवर ओतू नये. सांडलेल्या धातूने फरशी तडकून उडते. खाली कोरड्या वाळूचा थर पाहिजे.

कच्चं मशिनिंग झालं की उष्णतेचं काम. एलएम२५ला ५२५ ते ५४५ अंशांवर चार ते बारा तास, मग गरम पाण्यात बुडवणं, मग १५५ ते १७५ अंशांवर आठ-बारा तास. हे पक्क्या मशिनिंगच्या आधीच व्हायला हवं, कारण पाण्यात बुडताना क्रँकेस थोडं तरी मुरगळतंच.

मग येतं सगळ्यात नाजूक काम. क्रँकेसच्या दोन अर्ध्या भागांतली मेन बेअरिंगची भोकं एकाच अक्षावर आली पाहिजेत, फरक एक-दोन शतांश मिलिमीटरच्या आत. प्रत्येक अर्धा वेगळा चकात धरून बोअर केला आणि नंतर जोडला तर हे जमत नाही. दोन्ही भाग डॉवेल पिनांनी आणि सगळ्या बोल्टांनी जोडायचे आणि एकाच सेटिंगमध्ये आरपार बोअर करायचे. घरच्या साडेचार फुटी लेथवर हे करता येतं. बटालाची किंवा राजकोटची जुनी लेथ असली तरी चालते. क्रॉस स्लाइड काढून क्रँकेस सॅडलवर बांधायचं आणि बोअरिंग बार दोन सेंटरांमध्ये फिरवायचा. बार जागेवर फिरतो, काम सरकतं. यातली गंमत अशी की टेलस्टॉक केसभर सरकलेला असला तरी भोक बेडच्या रेषेतच जातं. बारमधलं टूल एकाच जागी फिरतं आणि काम बेडवर सरळ चालतं, म्हणून फार तर भोक किंचित लंबगोल होईल, पण तिरकं होणार नाही. साध्या लेथवर इतकी खात्री देणारी दुसरी पद्धत नाही.

शेवटचे दोन कट हलके घ्यायचे, प्रत्येकी शतांश मिलिमीटरांतले, आणि माप घेण्याआधी काम गार होऊ द्यायचं. ६२ मिमीचं अ‍ॅल्युमिनियमचं भोक दहा अंशांनी तापलं तर १४ मायक्रॉन वाढतं. गरम असताना बरोबर मापलेलं भोक सकाळी लहान भरतं आणि दोष डायलला दिला जातो. सिलिंडरची तोंडंही याच अक्षावरून साधायची. मेन भोकांत घट्ट बसणारी मँड्रेल, म्हणजे गोल पोलादी दांडा, घालून ती फिक्स्चरवर टेकवायची, आणि साठाच्या निम्म्या, बरोबर तीस अंशांसाठी साइन बार, म्हणजे कोन साधायची पोलादी पट्टी. १०० मिमीच्या साइन बारखाली ५० मिमीचे गेज ब्लॉक ठेवले की तीस अंश.

बेअरिंग अ‍ॅल्युमिनियममध्ये किती घट्ट बसवायची? अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ६२ मिमी बाहेरच्या व्यासाची बेअरिंग, जशी ६२०६ किंवा एनयू२०६, २० अंशांवरून १०० अंशांवर गेली तर भोक बेअरिंगपेक्षा साधारण ०.०५५ मिमी जास्त वाढतं. म्हणजे गार असताना ०.०४ मिमी दाबून बसवलेली बेअरिंग गरम इंजिनात १५ मायक्रॉन ढिली झालेली असते. बाहेरची रिंग सावकाश फिरायला लागते, भोक घासून मोठं करते, आणि हजारभर किलोमीटरांनी क्रँक हलायला लागतो. घरच्या इंजिनांचं हे सगळ्यात नेहमीचं मरण आहे. उपाय म्हणून दाब वाढवत नेला तर बेअरिंगच्या आतली फट संपते आणि बेअरिंग गारच जाम होते. म्हणून सी३ मापाची, आत थोडी जास्त फट असलेली बेअरिंग, क्रँकेसमध्ये आकुंचनाने बसवलेली पोलादी बाही, आणि बाही फिरू नये म्हणून दोन-तीन स्क्रू. बाही आणि बेअरिंग दोन्ही पोलादाची, त्यामुळे त्यांच्यातला दाब तापल्यावरही बराच टिकतो. बसवताना क्रँकेस भट्टीत ११०-१२० अंशांना तापवायचं, बेअरिंग बर्फात ठेवायची. टपकन पडली पाहिजे. हातोडा घ्यावा लागला तर कुठेतरी चुकलंय.

क्रँकसाठी बुलेटची मूळ चाकं, म्हणजे फ्लायव्हील, मला पटत नाहीत. ती एका पिस्टनसाठी तोललेली, इथे दोन रॉड आणि दोन पिस्टन. ईएन८ पोलादाच्या गोळ्यातून नवी दोन चाकं काढावीत. पिन ईएन३६ पोलादाची, मिलिमीटरभर खोल कार्बन मुरवून ग्राइंड केलेली, कडकपणा ५८ ते ६२ एचआरसी. मूळच्या तरंगत्या बुशऐवजी रोलर लावावेत, कारण बुशला तेल भरपूर लागतं आणि आपला पंप आता दोन रॉडांना पाजणार आहे. २५ मिमी पिनला चाकात ०.०६ मिमीचा दाब ठेवला तर साध्या वीस टनी प्रेसवर काम होतं.

दाबून झाल्यावर क्रँक कधीच सरळ नसतो. तो दोन सेंटरांमध्ये धरून दोन्ही शाफ्टांवर डायल लावायचे आणि हळू फिरवायचा. उंचवटे पिनेपासून काटकोनात आणि दोन शाफ्टांवर उलटसुलट बाजूंना आले, तर चाकं एकमेकांना धरून पिनेभोवती मुरगळलेली आहेत. क्रँक हातात धरून, उंच भरलेल्या बाजूला, चाकाच्या कडेवर तांब्याच्या हातोड्याचा एक नीट ठोका. उंचवटे दोन्ही शाफ्टांवर एकाच बाजूला आले, पिनेच्या रेषेत, तर चाकं एका अंगाला पिचकली किंवा फाकली आहेत. तिथे हातोड्याचा उपयोग नाही. पिचकलेल्या फटीत पाचर मारायची किंवा फाकलेली बाजू व्हाइसमध्ये दाबायची. ०.०५ मिमीवर थांबणारे पुष्कळ असतात. ०.०२पर्यंत आणावं. सरळ झाल्यावर पिनच्या टोकांना दोन-दोन टाके वेल्डिंगचे देतात, तेही थोडं ओढतं, म्हणून डायल पुन्हा लावायचे.

तोलासाठी रॉड आडवा धरून छोटं टोक काट्यावर ठेवायचं. ते वजन पिस्टन, पिस्टनची पिन आणि रिंगांत मिळवायचं, हे झालं वर-खाली होणारं. मोठ्या टोकाचं वजन पूर्ण फिरणारं. समजा वर-खाली होणारं वजन प्रत्येकी ५०० ग्रॅम आलं, तर निम्म्याच्या हिशेबाने पिनवर ५०० ग्रॅम आणि दोन्ही मोठ्या टोकांचं पूर्ण वजन टांगायचं. क्रँक दोन समतल धारांवर ठेवल्यावर कुठल्याही जागी थांबला पाहिजे.

इग्निशनमध्ये एकच खाच आहे. क्रँकवर ३०० आणि ४२० अंश म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या निम्म्या वेगाने फिरणाऱ्या कॅमवर १५० आणि २१०. कॅमची दोन उंचवटी सवयीने समोरासमोर १८० अंशांवर काढली तर एक सिलिंडर क्रँकच्या साठ अंशांनी चुकीच्या वेळी पेटतो आणि किक पायावर परत येते. टॅपेट बुलेटच्या रीतीने, गार इंजिनात शून्य फट, पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे. कॉम्प्रेशन ७.२५ ठेवायचं तर प्रत्येक हेडमध्ये पिस्टन वर असताना ५५ सीसी जागा हवी. प्लगच्या भोकातून मापाने तेल ओतून ती मोजतात. रिंगेच्या टोकांतली फट ७० मिमी बोअरला ०.३० मिमीच्या आसपास.

दोन्ही पिस्टन जवळजवळ एकत्र खाली येतात, म्हणून क्रँकेसमधली हवा प्रत्येक फेऱ्याला साधारण ६०० सीसीने दाबली जाते. तिला बाहेर जाऊ देणारी आणि आत न घेणारी एकेरी झडप पाहिजे, तोंड रुंद आणि नळी जाड. ती नसेल तर तेल प्रत्येक जोडातून पाझरतं आणि माणूस पॅकिंग बदलत बसतो. तेल आत नेणाऱ्या पंपापेक्षा परत ओढणारा पंप मोठा ठेवावा. उलटं झालं तर चाकं तेलात बुडून धूर काढतात.

इंजिन आधी बाकावर चालवायचं. रस्त्याचं स्वप्न असेल तर मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ वाचून घ्यावं. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मान्य होत नाही, त्यामुळे असं इंजिन बाकावर किंवा प्रदर्शनातच शोभतं. प्लग काढून, तेल परतीच्या नळीतून टाकीत पडताना दिसेपर्यंत किक मारत राहायचं. मग प्लग, समोर मोठा पंखा, दोन मिनिटं चालवून पूर्ण गार करणं, हेडचे नट पुन्हा घट्ट, पुन्हा चालवणं. मंद आयडलवर ताटकळत ठेवू नये, रिंगा बसत नाहीत. वेग वर-खाली होत राहिला पाहिजे.

असा तासभर झाला की निर्दयपणे उघडायचं. पिस्टन हातात घेऊन पिनेच्या दोन्ही अंगांना बघायचं. एका बाजूला पिनेच्या वर आणि दुसऱ्या बाजूला पिनेच्या खाली घासल्याची चमक असेल तर सिलिंडर क्रँकशी काटकोनात नाही, किंवा रॉड वाकलाय. रॉड वेगळा तपासावा. तो सरळ निघाला तर दोष क्रँकेसच्या तोंडाचा, आणि तो एका बाजूला जास्त पॅकिंग घालून निस्तरत नाही. हेडचे नट घट्ट केले की पॅकिंग चेपतं आणि तिरकेपणा परत येतो. तोंड पुन्हा मारावं लागतं. त्यासाठी पहिल्या मशिनिंगमध्येच तिथे अर्धा मिलिमीटर राखून ठेवावा आणि तेवढ्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सिलिंडरखाली घालायला कापून ठेवावी, म्हणजे कॉम्प्रेशनही ७.२५वरच राहतं.